रेव्हरंड टिळक कुणाच्या पंगतीला बसले?

तुमच्या घरातील जी मुले मराठी शाळेत गेली, त्यांनी रेव्हरंड ना. वा. टिळक या कवीचे नाव केव्हा ना केव्हा वाचले असेल. फुलांवर, पाखरांवर, मुलाबाळांवर त्यांनी कविता लिहिल्या, आणि त्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. मी उल्हासनगरात शाळामास्तर आहे. वर्गात हे नाव निघाले की एखादा मुलगा हमखास विचारतो, सर, हे लोकमान्य टिळकांचे कोण? आणि यांच्या नावाआधी रेव्हरंड का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जात एक, जिल्हा एक, पण माणसे वेगळी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एका धर्मांतराची कथा आहे. ती तुम्हाला सांगावी असे फार दिवस मनात होते. तुमच्यापैकी काही कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. कुणी उल्हासनगरच्या कॅम्पात राहतात, कुणी अंबरनाथला, कुणी बदलापूरला. घरातले देव उतरले, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लागली. पण नव्या धर्मात पाऊल टाकल्यावर आत काय होते? पाणी कोण देते, पंगतीला शेजारी कोण बसते, मुलगी कोण देते? हे प्रश्न आपल्याआधी या महाराष्ट्रात दुसऱ्या एका धर्मांतरितांच्या समाजापुढे उभे राहिले होते. टिळकांचे आयुष्य त्या प्रश्नांतून गेले. म्हणून ख्रिस्ती माणसाची कथा बौद्धांच्या पाक्षिकात सांगतो आहे. ती शेवटपर्यंत वाचा.

जन्म आणि भटकंती

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कडक. आई मायाळू आणि कवितेची आवड असलेली. ती लवकर गेली आणि मुलगा घरापासून दुरावला. पुढे नाशिकला त्याने संस्कृतचे व काव्याचे शिक्षण घेतले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या लहानग्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा पाय एका जागी ठरत नसे. कधी मास्तरकी, कधी कीर्तन, कधी छापखाना, कधी नुसतीच पायपीट. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाला राहिले आणि धर्मग्रंथांचे काम पाहू लागले. पोथ्या जितक्या वाचाव्यात तितके मन अस्वस्थ होऊ लागले. हा देश खाली का गेला, हा प्रश्न त्यांना छळत होता. जातिभेद आणि कर्मकांड यांत त्याचे कारण आहे, असे त्यांना दिसू लागले. सर्व माणसे भावंडे मानणारा नवा धर्म आपणच काढावा असेही त्यांच्या मनात घोळत होते.

याच काळात नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. बोलणे झाले. उतरताना त्याने बायबलची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली. टिळकांनी ती वाचली आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. पुढे मुंबईतील अमेरिकन मिशनच्या मंडळींशी पत्रव्यवहार झाला, शंका-समाधान झाले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोरे मिशनरी तेथे होतेच, पण टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाद्र्याच्या हातून. टिळकांचे नाव शाळेच्या पुस्तकात छापून आले. ज्या हाताने त्यांना नव्या धर्मात घेतले त्या माणसाचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? धर्मांतराच्या इतिहासात असे पुष्कळदा होते. वरून येणाऱ्याचे नाव राहते आणि आधीपासून आत असलेल्याचे पुसले जाते.

नगरची मंडळी

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. त्या शहराला आज अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून तेथे ठाण मांडले होते. याच नगरात सिंथिया फरार या मिशनरी बाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पाहिली आणि पुण्याला परतून आपली शाळा काढली, हे तुम्ही ऐकले असेल.

आता या मिशनच्या चर्चमध्ये बसणारी माणसे कोण होती? ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात. नगर जिल्ह्यातील मंडळीत बहुसंख्य आपलेच भाऊबंद होते. गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातून आलेली कुटुंबे होती, काही मांगवाड्यातून आलेली होती. थोडे ब्राह्मणही होते. हरि रामचंद्र खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक या दोन ब्राह्मण ख्रिस्त्यांना १८५४ साली नगरच्या मंडळ्यांचे पाळक नेमण्यात आले होते.

म्हणजे टिळक ज्या घरात शिरले ते घर महारामांगांनी भरलेले होते. ज्यांची सावली वर्ज्य मानायला बालपणी शिकवले, त्यांच्याच बाकावर आता बसायचे. त्यांच्या घरचे पाणी प्यायचे आणि भाकरी खायची. टिळक बसले आणि जेवले. सेमिनरीत, म्हणजे पाद्र्यांच्या शाळेत, ते शिकवू लागले. गावोगावच्या ख्रिस्ती वस्त्यांत फिरले, वस्तीत राहिले. ब्राह्मणपणाची खूण म्हणून वेगळे ताट त्यांनी मांडले नाही. याची किंमतही त्यांनी दिली. स्नेही तुटले, आप्त तुटले, आणि पत्नी व लहान मुलगा दत्तू दोघेही दुरावले.

पण बंधुभगिनींनो, आपण या गोष्टीकडे आपल्या बाजूने पाहायला शिकले पाहिजे. ब्राह्मण महाराच्या पंगतीला बसला म्हणजे त्याने उपकार केले, असे आपल्याला सांगितले जाते. खरे पाहिले तर त्या दिवशी पाहुणा टिळक होते आणि यजमान महार ख्रिस्ती होते. दार उघडले ते त्यांनी. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातीने आपल्याला बाहेर ठेवले, त्या जातीचा माणूस दारात आला, तेव्हा त्यांनी त्याला आत घेतले आणि गुरूचा मान दिला. हे मोठेपण यजमानांचे होते. आपल्या माणसांकडे देण्यासारखे काही असते, हे आपल्या मुलांना कळू द्या.

लक्ष्मीबाईंनी प्यायलेले पाणी

टिळकांनी धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंना कुणी विचारले नव्हते. त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातेवाइकांच्या आधाराने चार-पाच वर्षे राहिल्या. पंढरपूरलाही राहिल्या. मग मुलाला घेऊन पतीकडे आल्या, पण धर्म सोडला नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे, शिवाशीव कडक. घरी येणारी माणसे महारामांगांतून आलेली ख्रिस्ती. त्यांच्या स्पर्शाचा विटाळ त्या मानत. टिळकांनी पत्नीवर बळजबरी केली नाही. तिचे सोवळे सांभाळले जावे म्हणून सोयही केली.

मग एक दिवस या बाई एकट्या बसून विचार करू लागल्या. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांच्या जाती जशा दिसतात तसा फरक माणसांतही दिसला असता. जन्म सारखा, मरण सारखे, रक्त सारखे. मग हे माणसाचेच काम. हा विचार त्यांना कुणी पाद्र्याने शिकवला नव्हता, कुणी ग्रंथातून दिला नव्हता. तो त्यांचा त्यांनीच केला आणि ठरवले की आजपासून कुणाच्याही हातचे खायचे प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

हा क्रम पाहा. आधी पाणी प्यायल्या, मग धर्म बदलला. आपल्यापैकी पुष्कळांचा क्रम उलटा असतो. धर्म आधी बदलतो, आणि पाणी तसेच राहून जाते. शिक्षण नसलेल्या त्या बाईने ज्या प्रश्नापाशी थांबून विचार केला, त्या प्रश्नापाशी आपल्याही घरातील आयाबहिणींनी, आणि त्यांच्याआधी पुरुषांनी, थांबले पाहिजे.

गोरा साहेब आणि देशी पाद्री

जातीची पंगत टिळकांनी मोडली, पण चर्चमध्ये दुसरी एक पंगत होती. ती रंगाची होती.

मिशन अमेरिकेचे होते. पैसा बोस्टनहून येई. मिशनरी साहेबांचे बंगले कंपाऊंडमध्ये, देशी कामगारांची घरे वेगळी. साहेबाचा पगार निराळा, देशी पाद्र्याचा निराळा. कुणाला कोणत्या गावी पाठवायचे, कुणाला ठेवायचे, कुणाला काढायचे, याचा शेवटचा शब्द बहुधा साहेबाचा. साहेब मनाने दयाळू असत, यात शंका नाही. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम तर टिळकांचे स्नेही होते. पण दयाळू मायबाप आणि बरोबरीचा भाऊ यांत फरक आहे. मायबाप म्हटले की समोरचा कायम लेकरूच राहतो.

ज्या अमेरिकेतून हे मिशन आले तेथेही हाच प्रश्न होता. फिलाडेल्फियाच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेल्या काळ्या ख्रिस्त्यांना गोऱ्यांच्या जागेवरून उठवण्यात आले. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती उठून बाहेर पडले. पुढे १८१६ साली त्यांनी स्वतःची आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल ही चर्चसंस्था उभी केली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, ते योग्यच होते. पण गुलामी कायद्याने गेली तरी देवाच्या घरातील बाके वेगळीच राहिली होती.

टिळक हे सारे मुकाट्याने पाहणारे नव्हते. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, म्हणजे ते रेव्हरंड झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. हे पत्र १८४२ पासून चालत आले होते. मिशनच्याच पत्रात व मिशनच्याच लोकांपुढे त्यांनी गद्यात आणि पद्यात मिशनऱ्यांना खडे बोल सुनावले. तुम्ही आम्हाला ख्रिस्त दिलात, पण स्वतः धनी होऊन बसलात, आता बाजूला व्हा आणि भाऊ व्हा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशी ख्रिस्त्यांनाही त्यांनी सोडले नाही. साहेबाच्या पगारावर, साहेबाच्या पोशाखावर आणि साहेबाच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या मंडळीला स्वतःचा कणा येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

नुसती टीका करून ते थांबले नाहीत. चर्चमध्ये इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेली गीते म्हटली जात. गावच्या माणसाच्या गळ्यात ती बसत नसत. टिळकांनी ओवी, अभंग, पद अशा देशी चालींत उपासनेची गीते रचली. मराठी ख्रिस्त्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. टाळ-मृदंगावर भजन आणि कीर्तन यांना त्यांनी मंडळीत जोर आणला. महारवाड्यात भजनाची परंपरा होतीच. ज्या बाईला इंग्रजी सूर कधी जमला नसता, तिला आता आपल्या गळ्यात देव गाता आला. माणसाला सामावून घेणे म्हणजे नुसती बसायला जागा देणे नव्हे. त्याचा आवाज तेथे चालला पाहिजे.

देवाचा दरबार

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्न, तब्येत खालावलेली, संसारात शिल्लक काही नाही. ते साताऱ्याला गेले, संन्याशासारखे राहू लागले आणि 'देवाचा दरबार' नावाचा एक समाज उभारायला निघाले. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले यावेत आणि न घेतलेलेही यावेत, कोणत्याही जातीचे यावेत, देशी यावेत आणि परदेशीही यावेत, परंतु धनी कुणी असू नये, अशी त्यांची कल्पना होती. देशाचा आणि खऱ्या बंधुभावाचा असा ख्रिस्ती समाज त्यांना हवा होता.

हे काम फार दिवस चालले नाही. दोन वर्षांच्या आत प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ताच्या जीवनावर त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. ज्यांना शाळा कधी मिळाली नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पुरे केले.

टिळकांच्या विचाराचा धागा एकदम तुटला नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने टिळकांचे चरित्र लिहिले आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला. तेथे गोरे आणि देशी एकत्र राहत, एकत्र जेवत, खादी वापरत. पुढे आदिवासींत राहून काम केलेले व्हेरियर एल्विन १९२७ साली हिंदुस्थानात आले ते याच संघाच्या पुण्याच्या आश्रमात. एका मराठी कवीचे बोलणे एखाद्या गोऱ्या माणसाच्या काळजाला लागू शकते, हे यावरून दिसते.

जे राहून गेले

आता कथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नाहीतर ही आरती होईल, आणि आरती करणे आपण सोडले आहे.

टिळक स्वतः पंगतीला बसले, पण त्यामुळे मंडळीतील जात गेली असे झाले नाही. गावोगाव महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात अंतर राहिले. सोयरीक करताना मागची जात आठवू लागली. गोव्यात तर चर्चचे मानपान सांभाळणाऱ्या बंधुसंस्था, ज्यांना तेथे कॉन्फ्रारिया म्हणतात, जातीवर वाटल्या गेल्या होत्या. दक्षिणेत तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती स्मशानभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिली. एकाच क्रुसाखाली पुरलेल्या माणसांमध्ये भिंत!

एका सज्जन माणसाच्या उदाहरणाने समाज का बदलला नाही? कारण ते उदाहरण त्या माणसाच्या चांगुलपणावर उभे होते. मंडळीने मिळून नियम केला नाही, हक्काची चळवळ उभी केली नाही, आणि लग्नाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरावर सोडून दिला. टिळकांची दृष्टी भक्तीची होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानत. अन्तःकरण बदलले की सारे बदलेल, अशी त्यांची श्रद्धा होती. अन्तःकरण बदललेच पाहिजे. पण ज्यांच्या अंगावर जातीचा वळ आहे, त्यांना दुसऱ्याचे अन्तःकरण बदलेपर्यंत थांबा म्हणणे न्यायाचे नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी नेमके हेच पाहिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नगर जिल्ह्याच्या शेजारीच, येवल्याला, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर ख्रिस्ती पुढारीही त्यांना भेटले. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना ख्रिस्ताविषयीचा आदर त्यांनी मोकळेपणे व्यक्त केला, पण चर्चमध्ये शिरूनही अस्पृश्यांची जात सुटली नाही आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, हे तोंडावर सांगितले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र लेखनही केले. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्याला नुसते त्रिशरण-पंचशील देऊन सोडले नाही. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि सर्व माणसे समान मानण्याची व समता आणण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी प्रत्येकाच्या तोंडून वदवून घेतली. टिळकांच्या मंडळीत जे एका माणसाच्या चांगुलपणावर राहिले, ते बाबासाहेबांनी प्रतिज्ञेत बांधले.

आणि आपल्या विहारात?

प्रतिज्ञा तोंडून आली. हातात आली का?

बाबासाहेबांचा धम्म कुणा एका जातीचा नाही. तथागतांच्या संघात न्हावी उपाली होता, भंगी सुनीत होता, आणि राजघराण्यातील आनंदही होता. २००७ साली मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांपैकी हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. मातंग कुटुंबे येत आहेत, इतर जातींतील कुटुंबे येत आहेत. ही माणसे आपल्या दारात येतात तेव्हा यजमान आपण असतो. नगरच्या महार ख्रिस्त्यांनी टिळकांना आत घेतले. आपण आपल्याहून वेगळ्या वस्तीतून आलेल्याला कसे घेतो?

मी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गावाचे व विहाराचे नाव सांगत नाही, कारण अशी गोष्ट कोणत्याही विहारात घडू शकते. बुद्ध पौर्णिमेचा दिवस होता. पाच-सहा घरांतून खीर आली होती. त्यांत एक पातेले नुकतीच दीक्षा घेतलेल्या, दुसऱ्या जातीतून आलेल्या कुटुंबाचे होते. कुणी काही बोलले नाही. पण इतर पातेली रिकामी होत गेली आणि ते एक भरलेले राहिले. त्या घरची बाई पदर सावरत भिंतीशी उभी होती, आणि तिची मुलगी पुनःपुन्हा पातेल्याकडे पाहत होती. अखेर एक म्हातारी उपासिका काठी टेकत उठली, त्या पातेल्यातून वाटीभर खीर तिने स्वतः वाढून घेतली आणि तेथेच, सर्वांसमोर बसून खाल्ली. मग रांग लागली.

मी त्या विहारात होतो. पदवीधर आहे, मुलांना समतेचे धडे शिकवतो. मला कुणी अडवले नव्हते. तरी म्हातारी उठेपर्यंत मीही उठलो नव्हतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. टिळकांची कथा तुम्हाला सांगावी असे तेव्हापासूनच वाटू लागले.

सोयरीक जुळवताना आपल्याकडे अजून विचारतात, मूळचे कोण? सोमवंशी की लाडवण? मागची जात कोणती? मुलगा शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, पंचशील पाळतो, हे सारे ऐकून घेतल्यावरही तो एक प्रश्न शेवटी येतोच. तो प्रश्न ज्या दिवशी आपल्या तोंडून निघणार नाही, त्या दिवशी आपली दीक्षा पुरी झाली असे समजा.

तेव्हा काही गोष्टी या वर्षापासून करू या. नवे कुटुंब विहारात आले की पहिल्या महिन्यातच त्यांच्या घरी जाऊन जेवून यावे, आणि नुसते पुरुषांनी नव्हे, बायकामुलांसह जावे. विहाराच्या कमिटीत त्यांतील एकाला, शक्य तर एका बाईला, घ्यावे. वंदना म्हणण्याची, कार्यक्रमाचे सूत्र सांभाळण्याची संधी त्यांच्या मुलांना द्यावी. त्यांची गाणी, त्यांची हलगी, त्यांचा आवाज आपल्या जयंतीत वाजू द्यावा. आणि नव्याने आलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हीही दारात उभे राहू नका. हे घर कुणी तुम्हाला दयेने दिलेले नाही. आत या, जागा घ्या, आणि चुकले तर आम्हाला सुनवा, जसे टिळकांनी साहेबाला सुनावले.

पुढच्या वेळी मुलाने पुस्तकात टिळकांची कविता वाचली तर त्याला ही कथा सांगा. टिळक कुणाच्या पंगतीला बसले ते सांगा, आणि त्यांना पंगतीला घेणारे कोण होते तेही सांगा. मग त्या मुलाला शेजारच्या नव्या बौद्ध घरी पाणी मागायला पाठवा.

सर्वांना सप्रेम जयभीम! नमो बुद्धाय!